माथेरानला मुलींच्या शिबिरात नर्स म्हणून जाताय? आधी रस्ता विचारा

"सिस्टर, तुम्ही नुसतं बसायचं. औषधांची पेटी तयार आहे, दवाखाना पाच मिनिटांवर आहे." मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, मुलींच्या उन्हाळी शिबिराला या म्हणताना मला एवढंच सांगितलं होतं. पेटीत निघालं काय, तर कापूस, डेटॉल, मुदत संपलेले डोळ्यांचे ड्रॉप्स आणि चिकटपणा गेलेल्या पट्ट्या. पाच मिनिटांचं पुढे सांगते.

नेरळपर्यंत लोकल, मग टॅक्सीने घाट. घाटात मुली ओकतात. अव्होमिन निघायच्या तासभर आधी द्या, वळणं सुरू झाल्यावर देऊन उपयोग नाही.

खरा त्रास दस्तुरी नाक्यावर. गाड्या तिथेच थांबतात, पुढे अडीच-तीन किलोमीटर लाल माती. जवळच्या अमन लॉज स्टेशनवरून छोट्या रेल्वेची शटल आहे, पण चाळीसेक मुली आणि त्यांच्या बॅगा घेऊन शनिवारी तिच्या भरवशावर राहू नका. ई-रिक्षा मोजक्याच. म्हणजे सामान हमालाकडे नाहीतर घोड्यावर, आणि तिथे सरळ लुटतात. औषधांचं खोकं आणि चार बॅगा, दोन हजार सांगितले! मी चालायला लागले तेव्हा बाराशेवर आले. शेजारच्या बंगल्यातल्या कुटुंबाने तेवढ्याच ओझ्याचे सातशे दिले होते. भाव नगावर नको, सगळ्या सामानाचा मिळून, आणि 'बंगल्याच्या दारापर्यंत' असं तोंडाने वदवून घ्या. नाहीतर बाजारात ओझं टेकवतात आणि पुढचे वेगळे मागतात. इन्सुलिन आणि इनहेलर मात्र स्वतःच्या खांद्यावरच.

मधले दिवस छान गेले. गाणी, पवित्र शास्त्राचे पाठ, पॉइंट बघणं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

शेकोटीच्या रात्री एका मुलीला दम लागला. दिवसभराची धूळ, वर धूर. वाक्य पुरं होईना, दोन-दोन शब्द बोलून थांबत होती, गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. अर्जात दम्याचा रकाना कोरा. इनहेलर घरी, कारण आईने बजावलं होतं, "मंडळीत कुणाला कळायला नको, उद्या लग्नाला अडचण." माझ्याकडे साल्ब्युटामॉलचा इनहेलर होता, स्पेसर, म्हणजे औषध नीट छातीत जावं म्हणून इनहेलरला लावायची पोकळ नळी, नव्हता. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या बुडाला इनहेलरचं तोंड घट्ट बसेल एवढं भोक पाडलं आणि बाटलीच्या तोंडाने श्वास घ्यायला लावला. एका वेळी एक पफ, म्हणजे एक फवारा, मध्ये चार-पाच श्वास, असे चार ते दहा. गरज पडली तर वीस मिनिटांनी पुन्हा. हे करतच निघायचं, उतार पडायची वाट बघत बसायचं नाही.

आणि निघायचं कसं? माथेरानात ॲम्ब्युलन्सला परवानगी आहे, पण आमचा बंगला पायवाटेवर. स्वयंपाकी आणि शिबिराच्या दोन पुढाऱ्यांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून मुख्य रस्त्यापर्यंत उचलून नेलं, मी पुढे मोबाइलचा उजेड धरून. दवाखान्यात पोचायला पाऊण तास गेला. मुलगी सुखरूप आहे, पण 'पाच मिनिटं' म्हणणाऱ्याला मी ती वाट रात्री एकदा खुर्ची उचलून चालायला लावणार आहे.

म्हणून पोचल्या दिवशीच उजेडात ती वाट स्वतः चाला, ॲम्ब्युलन्स नेमकी कुठवर येते ते बघा आणि दवाखान्याचा नंबर भिंतीवर लावा. विंचू हे दुसरं कारण. कोकणपट्टीतल्या लाल विंचवाचा दंश हृदयावर जातो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाने असे कितीतरी जीव वाचवले, पण ते दवाखान्यातलं काम आहे. बंगल्यावर मंत्र आणि कांदा चोळणं चालू होऊ देऊ नका. माकड चावलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी न्या.

उपवास-प्रार्थनेचं मला सकाळी कळलं, तेही चहा बंद झाल्यावर. मुलींत एक इन्सुलिनवरची. मी पाळकसाहेबांना सगळ्यांसमोर सांगितलं की ही मुलगी नाश्ता करणार. चेहरा पडला त्यांचा, पडू दे. साखर उतरली तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. त्या दुपारी चक्कर आलेल्या बाकीच्या पोरींना ओआरएस आणि वरणभात पुरला. पाळीत पोट दुखतं त्याच्या गोळ्या आणि पॅड तुम्हाला वाटतात त्याच्या दुप्पट घ्या. त्यातली मेफेनॅमिक ॲसिडची गोळी पोटात अन्न असतानाच.

रात्री दिवे मालवल्यावर मुली 'डोकं दुखतंय' म्हणून येतात आणि भलतंच सांगू लागतात. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. अठरा वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर पाठ असू दे. 'मंडळीतच मिटवू' म्हणणारं कुणीतरी भेटतंच, त्याचं ऐकायचं नाही.

पुन्हा बोलावलं तर जाईन. मुली गोड आहेत, आणि त्या दमेवाल्या पोरीने निघताना मला मिठी मारली तेव्हा सगळा शीण गेला. पण पालकांच्या सहीचे अर्ज आठवडाभर आधी माझ्या हातात, बंगला रस्त्याला लागून, आणि हमालाचे पैसे मंडळीने द्यायचे. ते बाराशे अजून आलेले नाहीत.