डीलरच्या दारात थांबलेल्या स्कूटर

रविवार, रात्र

आज सकाळी पुण्यातल्या कमला नेहरू उद्यानात श्रावणाची सर येऊन गेली, तरी आमच्या बाकावरून कोणी उठले नाही. विजेच्या स्कूटर बनवणाऱ्या ज्या कंपनीचे शेअर आमच्या शेअर गटातल्या पाचही जणांकडे आहेत, तिचा वार्षिक अहवाल या आठवड्यात ई-मेलने आला आहे आणि भाव आमच्या खरेदीच्या निम्म्याखाली उतरला आहे. माझे दोनशे शेअर निवृत्तीच्या पैशांतून घेतलेले आहेत, त्यामुळे हा विषय माझ्या मनातून जात नाही.

स्कूटर का खपत नाही, यावर सर्वांत ठाम बोलले ते कारखान्यातून निवृत्त झालेले काका. त्यांच्या मते सगळे अनुदानामुळे बिघडले. 1 जून 2023 पासून विजेच्या गाड्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या फेम-2 योजनेतील अनुदान बॅटरीच्या दर किलोवॉट-तासाला 15,000 रुपयांवरून 10,000 वर आले, त्याची कमाल मर्यादा कारखान्यातील किमतीच्या 40 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर आली आणि एप्रिल 2024 मध्ये नव्या योजनेत दर आणखी खाली, 5,000 वर गेला. महिन्याचा हप्ता मोजून गाडी घेणाऱ्या घराला हा फरक जाणवतो, हे मला मान्य आहे. परंतु अनुदान सर्वांचेच घटले, आणि त्याच काळात आपल्या आकुर्डीच्या बजाजच्या विजेवरील चेतकचा खप वाढला. मग याच कंपनीचा माल का अडावा? वहिनींनी सोसायटीत चार्जिंगची परवानगी मिळत नसल्याचे सांगितले, आणि मार्च 2022 मध्ये लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली होती, त्याचीही आठवण निघाली. पण ही भीतीसुद्धा एकाच कंपनीपुरती नाही.

बँकेच्या कर्ज विभागात मी अनेक वर्षे उद्योगांची स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक माल आणि येण्यांची विवरणपत्रे, तपासली, म्हणून अहवाल हाती आला की मी आधी येणी पाहते. विक्री थोडी वाढली आहे आणि डीलरांकडून येणे असलेली रक्कम त्याहून कितीतरी अधिक वाढली आहे. गाडी कारखान्यातून डीलरकडे रवाना झाली की कंपनीच्या वह्यांत विक्री लागते. ग्राहकाने ती घेऊन आरटीओत नोंदवली की मगच सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर दिसते. मी चारही तिमाह्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले, तेव्हा प्रत्येक तिमाहीत कंपनीचा आकडा नोंदणीपेक्षा मोठा निघाला. मधल्या फरकाच्या गाड्या शोरूममध्ये उभ्या आहेत आणि त्यांच्यावर डीलरच्या कर्जाचे व्याज चढते आहे. तो कंटाळून सवलत देतो; मग गेल्या महिन्यात पूर्ण किंमत मोजलेला ग्राहक स्वतःला फसलेला समजतो आणि जुन्या गाडीची किंमतही पडते.

यापेक्षा मोठे कारण मला आमच्याच पार्किंगमध्ये रोज दिसते. शेजारच्या मुलाची याच कंपनीची स्कूटर एका कंट्रोलरसाठी, म्हणजे मोटर नियंत्रित करणाऱ्या भागासाठी, एकोणीस दिवस आच्छादनाखाली उभी आहे. जुनी चेतक बंद पडली की लोक ती एका बाजूला कलती करून किक मारत, नाहीतर कोपऱ्यावरचा मेकॅनिक प्लग साफ करून देई. तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे नंबर लावून वाट पाहिली. नव्या गाडीला त्या मेकॅनिकला हात लावता येत नाही, म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवरच सगळा भरवसा. पुण्यात गाडी घेणारा माणूस जाहिरातीपेक्षा खालच्या मजल्यावरच्या गाडीवाल्याला विचारतो, आणि आमच्या इमारतीत तो गाडीवाला सध्या रिक्षाने कामावर जातो आहे.

आयटीत असलेला आमच्यातला सर्वांत तरुण सभासद म्हणाला, ‘‘मावशी, नवे मॉडेल येते आहे, याच भावात आणखी घेऊन ॲव्हरेज करून टाका, खरेदीचा सरासरी भाव खाली येईल.’’ मला वाईट वाटले, कारण तो स्वतःच्या लग्नासाठी साठवलेले पैसे घालण्याच्या विचारात आहे. जुन्या गाडीचा सुटा भाग जी कंपनी वेळेवर पोहोचवत नाही, तिने नवे मॉडेल आणले तर तेवढ्या गाड्या आणखी थांबतील, हे मी त्याला दोनदा समजावले. त्याने निदान महिनाभर थांबायचे कबूल केले.

वार्षिक सर्वसाधारण सभा ऑनलाइन आहे आणि वक्ता म्हणून नोंदणीची मुदत गुरुवारपर्यंत आहे. आत्ताच अर्ज भरला. प्रश्न असा लिहिला आहे: सुट्या भागांअभावी सात दिवसांहून अधिक काळ उभ्या असलेल्या गाड्या किती, आणि वॉरंटीतल्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेली तरतूद गेल्या वर्षीपेक्षा कमी का केली? उद्या काकांना घेऊन सर्व्हिस सेंटरवर जाणार आहे, आवारातल्या गाड्या मोजायला.