दोन ओळींची जागा

गौरव अंकासाठी भरून द्यायचा अर्ज काल हातात आला. नाव, शिक्षण, सेवेची वर्षे इथपर्यंत पेन कुठे अडले नाही. पुढे 'उल्लेखनीय यश' असे छापले होते आणि त्याखाली दोन ओळींची जागा सोडली होती. ती जागा मला भरता आली नाही. इतक्या लहानशा गोष्टीने मन इतके खट्टू का व्हावे, हे समजून घेण्यासाठी आज लिहायला बसले आहे. अर्ज तयार करणाऱ्यांचा यात काही दोष नाही. प्रशिक्षकाच्या नावापुढे लोक चषक शोधतात, आणि आमचा मुलींचा बास्केटबॉल संघ अंतिम सामन्यापर्यंत जाऊन परत आला, हे वाक्य कोणत्याही गौरव अंकात शोभत नाही. सगळे आयुष्य मैदानावर घातले, घराच्या वाट्याच्या संध्याकाळी तिथे दिल्या आणि शेवटी पदरात काय पडले, हा प्रश्न काल रात्रभर पाठ सोडत नव्हता. त्या संध्याकाळींबद्दल आईला काय वाटत असेल, ते मी कधी विचारले नाही. तो विषय आज नको.

पॅट समिट यांना दोन ओळी सहज पुरल्या असत्या, असेही रात्री मनात आले आणि ते अधिकच लागले. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाच्या त्या ३८ हंगाम मुख्य प्रशिक्षक होत्या; १,०९८ विजय आणि ८ राष्ट्रीय विजेतेपदे. एवढे लिहिले की कोणी पुढे काही विचारत नाही. पण यातले पहिले विजेतेपद १९८७ मध्ये आले आणि त्यांनी काम हाती घेतले होते १९७४ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, जेव्हा संघातल्या काही मुली त्यांच्याहून जेमतेम वर्षभराने लहान होत्या. महिना २५० डॉलर मानधन, खेळाडूंचे गणवेश स्वतः धुवायचे, सामन्यांसाठी प्रवासाची गाडीही स्वतःच चालवायची. प्रशिक्षक म्हणून पहिला सामनासुद्धा त्या एका गुणाने हरल्या होत्या. १९८४ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोचूनही त्यांच्या विद्यापीठाचा संघ हरला. मधली ती वर्षे माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्या काळात कोणी त्यांच्यापुढे असा अर्ज ठेवला असता, तर राष्ट्रीय विजेतेपदाच्या रकान्यात त्यांनाही काही लिहिता आले नसते. आणि तरीही पुढचे सगळे ज्यावर उभे राहिले, ते काम तेव्हाच चालले होते.

त्यांची एक गोष्ट मला विजयांच्या आकड्याहून मोठी वाटते. त्यांच्या हाताखाली खेळण्याची पूर्ण मुदत पुरी केलेली प्रत्येक खेळाडू पदवीधर झाली. मुलींनी एकही तास बुडवायचा नाही आणि वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचे, असा त्यांचा दंडक होता. एखाद्या हंगामात चांगला संघ जमून येतो, ड्रॉ सोपा पडतो आणि चषक मिळून जातो. पण इतकी वर्षे एकाही मुलीला मागे राहू द्यायचे नाही, यासाठी रोज प्रत्येकीच्या मागे उभे राहावे लागते. खेळ अर्धवट सोडून गेलेल्या आमच्या त्या मुलीविषयी इथे लिहावेसे वाटते, पण तिच्याबद्दल लिहायला अजून धीर होत नाही.

मग माझ्याकडे लिहिण्यासारखे काय आहे, याचा विचार करताना सारखे गुडघेच डोळ्यांपुढे येतात. बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींमध्ये गुडघ्यातला एसीएल, म्हणजे गुडघ्याची हाडे जोडून ठेवणारा एक लिगामेंट, फाटण्याचे प्रमाण मुलांच्या मानाने बरेच अधिक असते, आणि बहुतेक वेळा तो कोणाची धडक बसून फाटत नाही. उडी मारून उतरताना, पळता पळता अचानक थांबताना किंवा दिशा बदलताना गुडघा आत वळतो आणि क्षणात वर्ष वाया जाते. समिट यांचाही विद्यार्थिदशेत, १९७४ मध्ये, फाटला होता. त्यातून उठून त्या १९७६ च्या मॉन्ट्रिऑल ऑलिम्पिकमध्ये खेळल्या आणि रौप्यपदक घेऊन आल्या. प्रत्येकीला तसे उठता येत नाही. म्हणून नव्या मुली आल्या की मी त्यांना आधी बास्केटकडे बघूसुद्धा देत नाही. लाकडी खोक्यावरून खाली उडी मारायला लावते, स्वतः उकिडवी बसून त्यांच्या गुडघ्यांच्या पातळीवर डोळे आणते आणि बघत राहते. धप्प असा आवाज आला की पाय ताठ ठेवून उतरली, हे न बघताही कळते. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, पंजांच्या रेषेत ठेवून उतरणे अंगवळणी पडले की तो आवाज हळूहळू मऊ होत जातो. मुली कंटाळतात, पालक विचारतात की खेळ कधी शिकवणार. पण न फाटलेल्या लिगामेंटची नोंद कुठे होत नाही, आणि जी दुखापत झालीच नाही ती कोणामुळे टळली, हे त्या मुलीला स्वतःलाही कधी कळत नाही. माझे काम बहुतांशी अशाच न घडलेल्या गोष्टींमध्ये आहे, हे आज लिहिता लिहिता पहिल्यांदा स्पष्ट दिसले.

काल जे दुःख वाटत होते, त्याची धार यामुळे थोडी बोथट झाली आहे. समिट यांना २०११ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या आजाराचे निदान झाले. त्यानंतरही एक हंगाम त्या संघाबरोबर उभ्या राहिल्या आणि २०१२ मध्ये त्यांनी पद सोडले. २०१६ मध्ये त्या गेल्या. विजयांचा हिशेब ठेवायला नोंदवह्या असतात, तो प्रशिक्षकाने आपल्याजवळ बाळगला नाही तरी चालते. त्यांच्या खेळाडूंपैकी कितीतरी जणी पुढे स्वतः प्रशिक्षक झाल्या. आमच्याही दोघीतिघी आज मुलींना शिकवतात. त्या काय शिकवतात, ते मी मुद्दाम जाऊन पाहिलेले नाही, पण पाहायला हवे.

तरीही खरे लिहायचे तर एक चषक मला हवाच होता, आणि तो माझ्यापेक्षा त्या मुलींसाठी अधिक हवा होता, असे म्हणून मी त्या इच्छेला सोवळे करणार नाही. मला स्वतःला तो हवा होता. ही खंत जाणार नाही, आणि ती जावी असा आग्रहही आता उरलेला नाही. उद्या संध्याकाळी मात्र सरावाची सुरुवात खोक्यापासूनच करायची आहे, कारण नव्या मुलींपैकी दोघींचे गुडघे उतरताना अजून आत वळतात आणि मी जाण्याआधी ते सरळ व्हायला हवेत.