दोनशे पानी वही

२७ जानेवारी, रात्र

२०२२ साली आजच्याच तारखेला लेखक अनिल अवचट गेले. रोज एक पान लिहायचं, तेही स्वतःबद्दल नाही, पाहिलेल्या माणसाबद्दल, हे मी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. ते राहून राहून आत्ता सुरू झालं. गेल्या आठवड्यात अप्पा बळवंत चौकातून दोनशे पानी वही आणली. आजचं सातवं पान.

अवचट शिकले डॉक्टरकी, पण रमले माणसांत. हमाल, तंबाखू कामगार, जो भेटेल त्याच्याशेजारी ते बसायचे. 'माणसं' मी कितीदा वाचलं असेल! त्यात मोठा शब्द शोधून सापडत नाही. हाताला काय होतं, दिवसाला किती मिळतात, रात्री झोपता कुठे, असं विचारायचं आणि जे कळलं ते लिहायचं. संताप येतो तो वाचताना, आपल्याला. मला असं लिहिता यायला हवंय, मनापासून.

पहिल्या दिवशी मार्केट यार्डात गेले. भुसार बाजारात ट्रक खाली होत होता. दहा मिनिटं उभी राहिले आणि घरी येऊन लिहिलं, 'घामाने निथळणारे कष्टकरी, डोळ्यांत साठलेली वेदना.' सकाळी वाचलं तेव्हा वाईट वाटलं. मी कुणाच्या डोळ्यांत पाहिलंच नव्हतं. पान खोडलं.

काल परत गेले. टपरीवर एक काका चहा पीत होते, साठीच्या आसपासचे. मानेवर चौघडी केलेलं फडकं. उजव्या कानाची पाळी पोत्याच्या घासण्यानं जाड झालेली. मी विचारलं, "काका, बसू का जरा?" त्यांनी बाकावर बाजूला सरकून जागा केली.

त्यांचे वडीलही हमालच. हमालांच्या हक्कांचा १९६९ चा माथाडी कायदा यायच्या आधीपासूनचे. "पूर्वी क्विंटलचं पोतं असायचं ताई, शंभर किलो. आता पन्नासचं. पण कंबर काय ते शंभर विसरली नाही." पोतं पाठीवर कसं घ्यायचं ते उठून दाखवलं. गुडघे सैल ठेवायचे; ताठ उभं राहिलं की कंबर गेलीच. दुपारचं जेवण 'कष्टाची भाकर'मध्ये. हमाल पंचायतीनं १९७४ साली सुरू केलेलं ते केंद्र, झुणका-भाकर मिळते तिथे. मुलगी नर्सिंगला आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मी लिहीत होते ते बघून म्हणाले, "वाचा बरं, काय लिहिलंत."

वाचलं. रस्त्यावरच्या हॉर्नमुळे एक वाक्य दोनदा वाचावं लागलं. ते मान खाली घालून ऐकत होते. 'दिवसाची मजुरी' आलं तेव्हा हात वर केला.

"मजुरी नाही ताई. हमाली म्हणतात. हमाली लिहा."

मी मजुरी खोडून हमाली लिहिलं.