अण्णामामांचं नाव वाचायला क्रांजीला

लिटल इंडियातल्या फूलवाल्या तमिळ बाईंकडून आईने सकाळी मोगऱ्याचे दोन हार घेतले. मी म्हणाले, एकच नाव आहे ना? ती म्हणाली, "विमानात दोघं होते."

आम्ही निघालो होतो क्रांजीला, तिथल्या युद्धस्मारकाकडे. सिंगापूरच्या पार उत्तरेला, जोहोरच्या सामुद्रधुनीजवळ. धोबी घाटला (हे खरंच तिथल्या स्टेशनचं नाव आहे) गाडी बदलून लाल लाइन पकडायची. बिशान मागे पडलं की मेट्रो जमिनीवर येते आणि मग खिडकीतून उंच इमारती आणि दाट झाडी असं आलटून पालटून दिसत राहतं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मांडीवर पिशवी, पिशवीत हार, आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एक फोटो आणि एक पत्र. अण्णामामांचं एवढंच घरात उरलंय.

अण्णामामा म्हणजे आईचे मामा, माझ्या आजीचे पाठचे भाऊ. सातारा जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं घर. मॅट्रिक होऊन ते वायुदलात गेले, वायरलेस आणि मशीनगन शिकले. भारतीय वायुदलाच्या ८ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये होते. त्यांच्याकडे व्हेंजन्स नावाची अमेरिकन बनावटीची बॉम्बर विमानं होती. एक इंजिन, माणसं दोन. पुढे वैमानिक आणि मागे, शेपटीकडे तोंड करून बसलेला गनर, तोच वायरलेसही सांभाळणारा.

या विमानाबद्दल वाचायला लागल्यावर एका गोष्टीशी मी फार दिवस थांबले. व्हेंजन्स हे सूर मारून बॉम्ब टाकणारं विमान. हजारो फुटांवरून ते नाक खाली करून जवळजवळ सरळ उभं खाली यायचं, बॉम्ब सोडायचं आणि पुन्हा वर उचललं जायचं. वैमानिकाला समोर जमीन दिसायची. मागे पाठमोरा बसलेला मुलगा मात्र त्या वेळी पाठीवर निजल्यासारखा असणार, पट्ट्यांनी बांधलेला, आणि त्याच्या डोळ्यांसमोर फक्त आभाळ, वर वर जाणारं. जमीन किती जवळ आली हे त्याला दिसायचं नाही. सगळा भरवसा पुढच्या माणसावर. आईला हे सांगितलं तेव्हापासून ती त्या वैमानिकाला "आपला तो पंजाबी मुलगा" म्हणते. पत्रात अण्णामामांनी त्याचं नाव लिहिलंय, आणि तो फार जपून उडवतो असंही. त्यांच्या आईला, म्हणजे माझ्या पणजीला, काळजी वाटू नये म्हणून लिहिलं असेल.

१९४३ मध्ये स्क्वाड्रन काही काळ फाफामऊला होतं. फाफामऊ म्हणजे प्रयागच्या पलीकडचा गंगेचा काठ. मुलगा लढाईवर गेलाय यापेक्षा तो गंगेकाठी आहे याचंच माझ्या पणजीला अप्रूप. त्या दिवाळीत ते रजेवर आले तेव्हा तिच्यासाठी तांब्याचा गंगेचा गडू घेऊन आले, डाख लावून तोंड बंद केलेला. गंगापूजन पुढच्या रजेत करू म्हणाले. डिसेंबरात स्क्वाड्रन चितगावला गेलं आणि तिथून ब्रह्मदेशातल्या आराकानवर हल्ले सुरू झाले. फेब्रुवारी १९४४ मध्ये जपान्यांनी आराकानात मोठी चढाई केली, तेव्हा घनदाट जंगलात अडकलेल्या आपल्या पायदळाला या विमानांचा आधार होता. त्याच महिन्यात घरी तार आली. बेपत्ता.

त्या घरात दुःखालाही जागा अवघड होती. अण्णामामांचे थोरले बंधू नाना पाटलांच्या प्रतिसरकारातल्या भूमिगतांना भाकरी पोचवत होते. एक भाऊ इंग्रजांविरुद्ध आणि एक इंग्रजांच्या वर्दीत. गावात थोरल्यांचं नाव आदराने निघायचं, धाकट्याचं निघायचंच नाही. स्वातंत्र्यानंतर तर नाहीच. मला यात कुणालाही दोष द्यावासा वाटत नाही. पण बावीस वर्षांचा एक मुलगा घराच्या बोलण्यातून नाहीसा झाला, हे मला फार लागतं. विमानातून नाहीसा झाला तो वेगळाच.

बारा वर्षं वाट पाहिली. १९५६ मध्ये भटजींनी पळसाच्या तीनशे साठ देठांचा पुतळा मांडला आणि नदीवर त्याला अग्नी दिला. आई तेव्हा दहा वर्षांची. तिला आठवतं ते असं, की नारळाचं डोकं होतं आणि तिला वाटत होतं, मामा इतके लहान कसे झाले. विधीसाठी गंगाजळ हवं होतं. देवघरातला तो गडू मात्र पणजीने काढू दिला नाही. शेजाऱ्यांकडून आणा म्हणाली. "तो आला की पूजन करायचंय."

तो गडू शेवटी १९६३ मध्ये फोडला, पणजीच्या तोंडात पाणी घालायला.

क्रांजी स्टेशनपासून दहा-बारा मिनिटं चालायचं, रहदारीच्या रस्त्याच्या कडेने. मग अचानक हिरवळीचा चढ सुरू होतो. पांढऱ्या दगडांच्या रांगा, साडेचार हजारांच्या आसपास कबरी, त्यातल्या साडेआठशेहून अधिक ओळख न पटलेल्या. माथ्यावर सिंगापूर स्मारक. बारा रुंद स्तंभ, त्यांवर विमानाच्या पंखासारखं पसरलेलं छत आणि मधून वर गेलेला सुळका. ज्यांना कुठेच कबर मिळाली नाही अशांची चोवीस हजारांवर नावं या स्तंभांवर आहेत. मलाया-सिंगापूरच्या सैनिकांची आहेत, तशीच दक्षिण आणि पूर्व आशियाच्या आभाळात कुठेही हरवलेल्या वैमानिकांची. म्हणून आराकानात पडलेल्या मराठी मुलाचं नाव इथे, ज्या शहरात त्याने कधी पाऊल ठेवलं नाही.

हे स्मारक खुलं झालं २ मार्च १९५७ ला. आम्ही पुतळा जाळला त्याच्या दुसऱ्याच वर्षी. म्हणजे घराने त्यांना मेलेलं मानलं, आणि जवळजवळ त्याच सुमाराला कुणीतरी त्यांचं नाव दगडात नीट, सुबक अक्षरांत कोरत होतं. आमच्यातल्या कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. साठ-पासष्ट वर्षं ते नाव तिथे होतं आणि वाचायला घरचं कुणी गेलं नाही. मावसभावाला ते कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या ऑनलाइन नोंदीत सापडलं, तेही उशिरा, कारण आडनाव आम्ही व्ही लावून लिहितो आणि तिथे डब्ल्यू आहे.

चढ चढताना आई तीनदा थांबली. मी पाणी पुढे केलं, तिने घेतलं नाही. नोंदीतला स्तंभाचा क्रमांक मी हातावर लिहून आणला होता. तरी नाव शोधायला बराच वेळ लागला. किती नावं! इंग्रज, ऑस्ट्रेलियन, कॅनडियन, न्यूझीलंडचे, आणि मग भारतीय वायुदल. नाव आईलाच आधी दिसलं. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि अक्षर न् अक्षर बोटाने वाचलं. दगड उन्हाने तापला होता. डब्ल्यूवर तिचं बोट थोडं थांबलं.

"मामा, मी अक्काची धाकटी," ती म्हणाली. त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. ती त्यांच्यानंतर दोन वर्षांनी जन्मली.

पंजाबी मुलाचं नाव शोधायला आणखी पंधरा मिनिटं गेली. एक हार इथे, एक तिथे, पायथ्याशी. त्याच्या घरचं कुणी येऊन गेलं असेल का, असं ती दोनदा म्हणाली. मग तिने फोल्डरमधला फोटो काढून स्तंभासमोर धरला, कितीतरी वेळ. मी मोबाइल काढला नाही. नंतर तिनेच सांगितलं म्हणून एक फोटो घेतला, नुसत्या नावाचा.

परतीच्या गाडीत मी तिला नोंद पुन्हा वाचून दाखवली. हुद्दा, स्क्वाड्रन, तारीख. घरी आजवर श्राद्ध होत आलंय ते पुतळा जाळला त्या तिथीला. आई खिडकीबाहेर पाहत होती. अंग मो किओ गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "चव्वेचाळीस सालचं पंचांग कुठे मिळेल का बघ. त्या दिवशी तिथी कोणती होती?"