तांब्यात किती पाणी बसतं

लातूर, येळवसीच्या दुसऱ्या दिवशी, रात्री पावणेअकरा

काल येळवस होती, म्हणजे वेळ अमावस्या, शेतात जाऊन जेवायचा आमच्याकडचा सण, आणि मी गावाकडं गेले नाही. मी नर्सिंगला शिकते, वॉर्डात ड्युटी होती. आईनं पहाटेच सगळं करून सकाळच्या एसटीत कंडक्टर काकांच्या हाती डबा पाठवला. भज्जी, उंडे, आणि पाण्याच्या बाटलीत आंबील. बाटलीचं झाकण उघडलं की लसणाचा वास आला आणि शेतातली कडब्याची कोप, तिचा वास, ताकाचा माठ, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं.

आम्ही रूमवरच्या चौघी जेवायला बसलो, आणि शेजारच्या खोलीतली पहिल्या वर्षाची मुलगीही बोलावली. तिच्या गावाकडं येळवस करत नाहीत. तिनं दोन घास खाल्ले आणि एकदम रडायला लागली. कितीतरी वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "दीदी, मला जमंल का हे?"

मी म्हणाले, जमेल गं, सगळ्यांना जमतं.

रात्रभर ते वाक्य मला टोचत राहिलं, कारण ते खरं नाही. आमच्याच बॅचमधल्या दोघी पहिल्या वर्षात सोडून गेल्या. हुशार होत्या. तिला खरं उत्तर द्यायचं असेल तर माझं मला आधी नीट आठवायला हवं, म्हणून आज लिहायला बसले आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, दहावीपर्यंत सगळं मराठीतून. बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरला ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी, नर्सिंग फाउंडेशन, आणि सगळी पुस्तकं इंग्रजीत. चार वर्षं, आठ सेमिस्टर. पास व्हायला पन्नास टक्के, थिअरीला वेगळे आणि प्रॅक्टिकलला वेगळे. पहिल्या सेशनलला, म्हणजे कॉलेजातल्या अंतर्गत परीक्षेला, मी ॲनाटॉमीत नापास झाले. मनगटातली आठ हाडं रात्री पाठ व्हायची आणि सकाळी तीनच उरायची.

त्या दिवशी घरी फोन केला तर आई म्हणाली, "कामून रडू लालीस? सांग की." मी सांगितलं. मग फोन बाबांनी घेतला आणि अगदी मायेनं म्हणाले, "जमत नसंल तर ये माघारी. एवढं काय त्यात." त्यांच्या मनात काहीच वाकडं नव्हतं. पण माघारी गेले की वर्षभरात माझं लग्न लागणार, हे मला माहीत होतं. नापास होण्याची एक भीती होती, तिच्यावर ही दुसरी येऊन बसली. त्या काळात मला झोप लागायची नाही. पुस्तक उघडलं की पोटात कालवायचं आणि मिटलं की जास्तच कालवायचं.

त्यातून बाहेर कशानं आले, ते सांगायला एक अशी गोष्ट नाही. शब्द फोडायला शिकले, त्याचा आधार झाला. टॅकी म्हणजे जलद, ब्रॅडी म्हणजे हळू, ऑलिगो म्हणजे थोडं, शेवटी आयटिस आलं की दाह. मग वीतभर लांबीचा शब्दसुद्धा दोन-तीन ओळखीच्या माणसांसारखा वाटायला लागतो. मनगटाची हाडं मी बॉलपेननं स्वतःच्याच मनगटावर काढली आणि आठवडाभर तशीच फिरले. आंघोळीनं पुसली की परत काढायची. इंग्रजी वाक्य आधी मोठ्यानं मराठीत सांगायचं आणि मगच लिहायचं, ही सवय अजून आहे. रूममेट म्हणते, तू झोपेतसुद्धा भाषांतर करतेस.

पण पुस्तकाची भीती तशी लवकर कळते. वॉर्डाची भीती वेगळी. तिथं चूक झाली की समोर माणूस असतो.

पहिल्यांदा वॉर्डात बीपी घ्यायला सांगितलं तो दिवस. एक म्हातारे बाबा होते, हात शेतात राबून लाकडासारखा झालेला. मॅडम शेजारी उभ्या. दंडावर बीपीचा पट्टा बांधला. मनगटावर नाडी धरून हवा भरत गेले आणि नाडी लागायची बंद झाली तो आकडा लक्षात ठेवला. त्याच्या तीस वर नेऊन हळूहळू हवा सोडायला लागले, अगदी शिकवलं होतं तसं. पण कानात काहीच नाही. परत भरली, परत काहीच नाही. बाबा म्हणाले, "पोरी, मी जित्ता हाय का बघ." मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्या कानांतून स्टेथोस्कोप काढला, उलटा करून परत घातला. कानात जायची टोकं पुढच्या बाजूला वळलेली असावी लागतात, मी ती मागं वळवून घातली होती. आणि मग ऐकू आलं. ठक, ठक, ठक. १३८ ला सुरू झालं आणि ८६ ला थांबलं. एवढ्या लांबून कुणीतरी दार वाजवावं तसा तो आवाज होता, आणि तो मला ऐकू आला होता.

आता आजींचं लिहिते, कारण मुख्य तेच आहे.

मी सध्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे, मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग आहे. माझ्या वाट्याला एक आजी आहेत. हृदय नीट पंप करत नाही म्हणून अंगात पाणी साठतं. पाय असे सुजलेले की नडगीवर अंगठा दाबून काढला तर खड्डा तसाच राहतो, ओल्या मातीत राहावा तसा. लघवी होऊन पाणी निघून जावं म्हणून लॅसिक्स हे औषध चालू आहे, आणि चोवीस तासांत पाणी, चहा, दूध, सगळं मिळून एक लिटरच द्यायचं असा डॉक्टरांचा आदेश. त्याचा हिशोब म्हणजे इनटेक-आउटपुट चार्ट. आत किती गेलं, बाहेर किती आलं. शिवाय रोज सकाळी वजन, कारण अंगात एक लिटर पाणी वाढलं की वजन एक किलोनं वाढतं.

पहिल्या दिवशी मी आजींना विचारलं, पाणी किती प्यालात? त्या म्हणाल्या, दोन तांबे. मी ग्लासाचे दोनशे या हिशोबानं चारशे लिहून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी वजन किलोभर वाढलेलं. इन्चार्ज सिस्टरनी चार्ट बघितला. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर बोलणार. त्यांनी एवढंच विचारलं, "तांब्यात किती बसतं, मोजलंस?"

मी मोजलं नव्हतं. मेझरिंग जग आणला आणि आजींचा घरून आणलेला तांब्या पाण्यानं भरून त्यात ओतला. साडेसातशे. म्हणजे दोन तांब्यांत दीड लिटर गेलं होतं आणि मी कागदावर चारशे लिहिलं होतं.

मला रडू आलं, पण ते बोलणी खाण्याच्या भीतीनं नव्हतं. तांब्यात किती पाणी बसतं हे मला, निदान मला तरी, माहीत असायला हवं होतं. २०१६ साली मी चौथीत होते. त्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. आमच्या गावाला रेल्वे नव्हती, टँकर होता, आणि तो कधी येईल याचा भरवसा नव्हता. आईनं पिण्याच्या पाण्याच्या माठावर कोळशानं रेघ मारली होती. टँकर येईपर्यंत रेघेच्या खाली जायचं नाही. माणशी किती तांबे, भांड्याला किती, बाबा शेतातून आले की किती, ते सगळं तिच्या डोक्यात असायचं, आणि तांब्या भरताना तो काठोकाठ आहे की बोटभर कमी, हे मी आठ-नऊ वर्षांची असताना न चुकता सांगायचे. ते मी पांढरा कोट घातला आणि विसरले. पुस्तकात ग्लास म्हणजे दोनशे मिली लिहिलं होतं ना.

मग मी आजींसाठी एक लिटरची बाटली घेतली. चहा आणि दूध यांचा वाटा आधी बाजूला काढला आणि उरलेल्या पाण्याला मार्करनं रेघा मारल्या. ही सकाळची, ही दुपारी गोळ्यांबरोबरची, ही संध्याकाळची, आणि तळाशी थोडं रात्रीसाठी. आजी बघत होत्या. म्हणाल्या, "माय, पाण्याला बी रेघा मारू लालीस का?" मी म्हणाले, आमच्या आईनं पण मारल्या होत्या. त्या हसल्या. त्यांनाही ते साल आठवत होतं. तरीही दुपारी म्हणाल्याच, "लई तहान लागू लाली गं, घोटभर दे की." ते ऐकणं सगळ्यात अवघड आहे. अशा वेळी चूळ भरायला लावायची आणि थुंकायला सांगायचं, ओल्या गॉजनं ओठ पुसायचे. घोट द्यायचाच असेल तर रेघेतूनच द्यायचा आणि लिहायचा.

त्या रात्री फ्लुइड बॅलन्सचा धडा वाचायला घेतला. मागं दोनदा अर्ध्यावर टाकला होता. दिवसभरात चारशे मिलीपेक्षा कमी लघवी म्हणजे ऑलिग्युरिया, अशी एक ओळ आहे. ऑलिगो, थोडं. ती वाचताना मला आजींची युरोबॅग, लघवीची पिशवी, दिसत होती. धडा एका बैठकीत संपला. तो सोपा नव्हता, पण आता त्यात एक माणूस होता.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. हिशोबाची अजून आहे. पाचशे मिली सलाईन चार तासांत द्यायचं, सलाईनच्या नळीच्या सेटचे वीस थेंब म्हणजे एक मिली, तर मिनिटाला किती थेंब? पहिल्यांदा मी तासांची मिनिटं करायला विसरले आणि उत्तर अडीच हजार आलं. असं उत्तर आलं की थांबायचं असतं, हे तेव्हा कळलं. पाचशे गुणिले वीस, भागिले दोनशे चाळीस, बेचाळीस थेंब. रोज झोपण्याआधी असं एक गणित सोडवते. गोळी देताना पेशंट तोच का, औषध तेच का, मात्रा, मार्ग, वेळ, हे मनात म्हणताना पोटात थोडं आवळतं. डिगॉक्सिन ही हृदयाची गोळी देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, साठच्या खाली असले तर गोळी थांबवायची आणि सिस्टरना सांगायचं. त्या एका मिनिटात पोटात आवळतं ते मला जायलाही नको आहे.

पण एक भीती अशी असते की ती एकटीनं सोसायचीच नाही. पहिल्या वर्षी माझ्या रूममेटनं जेवण सोडलं होतं. तीन-तीन रात्री जागायची, आणि म्हणायची की मी नसलेलीच बरी. आम्ही घाबरून गप्प बसलो होतो. शेवटी एकीनं धीर करून मॅडमना सांगितलं. मग डॉक्टर, औषध, महिनाभर घरी. आज ती आमच्याबरोबर वॉर्डात आहे. तेव्हा आम्हाला टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबरही माहीत नव्हता. आता मी तो खोलीच्या दारामागं लिहून ठेवला आहे. शेजारच्या मुलीला काल दाखवायला हवा होता, उद्या दाखवते. ती जेवते का, झोपते का, तेही विचारते. हे काल विचारायचं सोडून मी "जमतं" म्हणून मोकळी झाले.

आणि तिला म्हणणार आहे की माझ्या केसबुकची वही ने. चुका लाल पेननं दुरुस्त केल्या आहेत, चारशेचे दीड हजार केलेलं पानही त्यात आहे.

उद्या सकाळी सातच्या आत वॉर्डात पोचायचं आहे, आजींचं वजन नाश्त्याच्या आधी घ्यायचं असतं. आज ५१.८ होतं, परवापेक्षा दीड किलोनं कमी. खिडकीपाशी फरशी हलते, काटा आधी भिंतीकडं सरकवायला हवा.