कुऱ्हाड हाताशी असूनही ब्रॉफी का सुटला नाही?

दुसऱ्या महायुद्धातला कॅनडाचा विमान-गनर अँड्र्यू मिनार्स्की याच्याबद्दल बोलणं निघालं की हा प्रश्न हमखास येतो: जळत्या विमानात कुऱ्हाड होती, मिनार्स्की अडकलेल्या ब्रॉफीपर्यंत, आपल्या मित्रापर्यंत, पोचलाही होता, मग ब्रॉफीला बाहेर का काढता आलं नाही? उत्तरासाठी यंत्रापासून सुरुवात करायला हवी.

मिनार्स्की कॅनडातल्या विनिपेगचा, पोलिश स्थलांतरितांचा मुलगा. वडील लवकर गेल्याने फरच्या कामाला लागला आणि 1941 मध्ये कॅनडाच्या हवाई दलात आला. 12 जून 1944 च्या रात्री त्याच्या 419 स्क्वॉड्रनचं (हवाई तुकडीचं) लँकेस्टर बॉम्बर विमान केबी726 फ्रान्समधल्या कॅम्ब्रेच्या रेल्वे यार्डावर बॉम्ब टाकायला निघालं. आत सात जण. 27 वर्षांचा मिनार्स्की विमानाच्या पाठीवरच्या टरेटमध्ये, म्हणजे मशीनगनांच्या फिरत्या घुमटात, आणि पॅट ब्रॉफी थेट शेपटातल्या टरेटमध्ये. मध्यरात्रीनंतर जर्मन युंकर्स 88 लढाऊ विमानाने गाठलं. डावीकडची दोन्ही इंजिनं बंद पडली, पंख पेटला आणि दोन्ही गनरांच्या मधल्या भागातही आग लागली.

मुख्य अडचण इथेच आहे. लँकेस्टरचं शेपटाचं टरेट हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या, दाबावर फिरायचं आणि तो दाब डावीकडच्या बाहेरच्या इंजिनावरच्या पंपातून यायचा. इंजिन गेलं की टरेट गेलं. आत इतकी दाटी की गनरला पॅराशूट अंगावर बांधून बसता येत नसे. ते मागे, धडात टांगलेलं असायचं. म्हणजे आधी टरेट सरळ ठेवून दारं उघडायची, पॅराशूट ओढून घ्यायचं, छातीला अडकवायचं, मग टरेट पूर्ण आडवं फिरवून उघड्या दारांतून पाठमोरं बाहेर पडायचं. ब्रॉफीने पॅराशूट घेतलं आणि हाताने फिरवायचा दांडा फिरवायला लागला. दांडा तुटला. टरेट अर्धवट फिरून अडकलं: आत यायला वाट नाही, बाहेर पडायलाही नाही.

मिनार्स्की तोवर मागच्या दारापाशी पोचला होता. उडी मारायची तेवढी राहिली होती. ब्रॉफी अडकलेला दिसला तसा तो वळला आणि जळत्या हायड्रॉलिक तेलातून रांगत गेला. पण कुऱ्हाड झाडाच्या फांदीवर चालते, धातूच्या कड्यात रुतलेल्या टरेटवर नाही. ती टाकून त्याने हातांनी ओढून पाहिलं. कंबरेखालचे कपडे आणि पॅराशूट पेटलेलं. ब्रॉफीनेच त्याला जायला सांगितलं. तो आगीतून उलटा सरकत दारापाशी गेला, सलाम केला आणि उडी मारली.

सगळे त्या सलामाबद्दलच बोलतात. माझ्या मते खरा क्षण त्याच्या आधीचा आहे, दाराकडे पाठ फिरवली तेव्हाचा.

फ्रेंच गावकऱ्यांना तो जिवंत सापडला, पण भाजल्याने गेला. विमान जमिनीवर आदळताना त्याचा पंख झाडाला लागला, टरेट मोडून सुटलं आणि ब्रॉफी बाहेर फेकला गेला. तो वाचला. पुढच्या भागातून उड्या मारलेले पाचही जण वाचले. आगीत काय घडलं ते पाहणारा ब्रॉफी एकटाच. त्याने सांगितलं म्हणून ऑक्टोबर 1946 मध्ये मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान, जाहीर झाला. बॉम्बर कमांडच्या, म्हणजे ब्रिटनच्या हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाच्या, सुमारे 1,25,000 वैमानिक-कर्मचाऱ्यांपैकी 55,573 मेले. त्यातल्या कितीतरी विमानांतून सांगायला कुणीच उरलं नाही.

ऑन्टारियोतल्या हॅमिल्टनच्या संग्रहालयात एक उडतं लँकेस्टर त्याच्या विमानाची व्हीआर-ए ही अक्षरं मिरवतं. कधी गेलात तर मागच्या दारापाशी उभे राहून शेपटाकडे बघा. ती अरुंद जागा पाहिली की कुऱ्हाडीचा प्रश्न पडत नाही.