चीक

दुपारी अडीचला लाइट गेली. पंखा थांबला की झोपही थांबते, म्हणून उठून खळ्यात आलो. मांडवाच्या झापांमधून उन्हाचे कवडसे खाली आले होते आणि त्यातला एक नेमका मोटरसायकलच्या टाकीवर पडला होता. त्यात एक मुंगळा अडकलेला. मेला नव्हता. चार पाय सुटे, दोन चिकटलेले, आणि सुटलेल्या चारांवर भिस्त ठेवून तो गोल गोल फिरायचा प्रयत्न करत होता.

टाकीवरचा स्टिकर मी चार दिवसांपूर्वी काढला होता. काढला म्हणजे नखाने उचकटला. वरचं रंगीत कातडं उन्हाने इतकं कडक झालेलं की पापडासारखे तुकडे पडले. खालचा गोंद मात्र जागचा हलला नाही. चार दिवसांत त्याने रस्त्यावरची धूळ गोळा केली, बायकोने अंगण झाडलं तो कचरा गोळा केला, आणि आता हा मुंगळा.

मुंगळ्याला गवताच्या काडीने सोडवलं. सुटल्यावर तो मला चावला. ठीक आहे.

गोंद कसा काढावा यावर गावात जितकी माणसं तितकी मतं. पुतण्या म्हणाला, "काका, ब्लेडने खरवडा की." ब्लेडने गोंद निघतो हे खरं, पण त्याबरोबर रंगावरचा लॅकरचा पातळ थरही निघतो, आणि खाऱ्या वाऱ्याला असा एक ओरखडा पुरतो. समुद्रापासून दोन किलोमीटरवर राहणाऱ्याने पत्र्याला चरा पाडणं म्हणजे गंजाला अक्षता देऊन बोलावणं. शृंगारतळीच्या गॅरेजवाल्याने थिनर सुचवला आणि पुढच्याच वाक्यात थिनरने सुरकुतलेली एक टाकीही दाखवली. तिचा रंग सायीसारखा गोळा झाला होता. थिनर गोंद विरघळवतो, पण गोंद कुठे संपला आणि रंग कुठे सुरू झाला एवढी समज त्याला नसते. बायकोने नेलपॉलिश काढायची बाटली आणून दिली. त्यातलं ॲसिटोनही त्याच कुळातलं. मी बाटली आदराने परत केली.

मग मी माझ्या अकलेने पेट्रोल घेतलं. चिंधी भिजवली, घासली. गोंद जरा वितळल्यासारखा वाटला आणि मी खूश होतोय तोवर पेट्रोल उडून गेलं, आणि आधी तळहाताएवढ्या जागेत असलेला गोंद परातीएवढ्या जागेत पसरला. शिवाय, "अहो, चूल पेटलीय मागे!" ही हाक आली ती वेगळीच.

खरं तर हा माझा जुना आजार आहे. अर्धवट निघालेलं लेबल मला बघवत नाही. कोकम सरबताच्या बाटलीचं लेबल काढल्यावर राहिलेले कागदाचे पांढरे लव मी अर्धा तास चोळत बसतो. लग्नात आहेर म्हणून येणाऱ्या स्टीलच्या भांड्यांवर कंपनीवाले स्टिकर कुठे लावतात? आतल्या बाजूला, बरोब्बर मध्ये. आजी ते पातेलं चुलीवर धरायची. बाहेर ऊब लागली की आतला स्टिकर स्वतःहून कड सोडायचा. तिने मला नखं लावू दिली नाहीत कधी. ही युक्ती मोटरसायकलला लागू करण्याचा विचार क्षणभर आला होता. पण पेट्रोलची टाकी चुलीवर धरणार कशी.

आजीची आठवण आली आणि मग फणस येणारच.

मे महिन्यात आमच्या पडवीत फणस फोडणं हा सोहळा होता. पोतं अंथरायचं, त्यावर विळी, आणि आधी खोबरेल. विळीच्या पात्याला दोन्ही बाजूंनी, हाताला कोपरापर्यंत. आम्हा पोरांनाही रांगेत उभं करून ती हातावर तेल ओतायची, मंदिरात तीर्थ देतात तसं, आणि तेल न लावता फणसाला हात लावणाऱ्याला त्या दिवशी गरे नाहीत. फणस उभा चिरला की पांढरा चीक वर यायचा. तो ती एका काठीला गुंडाळून गुंडाळून काढायची आणि काठी परसात खोचून ठेवायची. त्या काठीवर आमचा डोळा. चिकाने काय काय चिकटवता येतं याची आमची यादी मोठी होती. फुटलेली पाटी, बॅटची मूठ, एकदा तर धाकट्या आत्याची वेणी पाटाला. बरका असला की सगळाच लगदा, तो सांदणाला जायचा. कापा असला की गरे मोजून वाटायचे, चारखंड गुरांना, आठळ्या राखेत भाजायला. हे सगळं होऊन गेल्यावरही बोटांच्या बेचक्यांत चीक राहायचाच. मग रेशनचं निळं रॉकेल. चिंधीवर थोडंसं, आणि मग पुन्हा तेल. साबण सगळ्यात शेवटी. आधी साबण लावलास तर चीक जन्मभर राहील, असं ती सांगायची आणि मी कित्येक वर्षं ते शब्दशः खरं मानत होतो.

पाण्याने जाणारे गोंदही होते म्हणा. भोकराच्या गराने आम्ही वह्यांना कव्हरं लावायचो. मुंबईला पाठवायच्या पत्राचं पाकीट वडील ताटातल्या भाताच्या शिताने बंद करायचे. काकांच्या ट्रंकेवर बोटीच्या प्रवासाचं नाव-गावाचं लेबल होतं, तेही खळीनेच लावलेलं. बोट बंद झाली, ट्रंक माळ्यावर गेली, आणि लेबल झुरळांनी खाल्लं. आत्ताच्या या गोंदाला झुरळंसुद्धा तोंड लावत नाहीत.

तर चार वाजता मी घरात जाऊन खोबरेलाची बाटली आणली.

तेलात भिजवलेली चिंधी त्या डागावर ठेवली आणि पडवीच्या पायरीवर बसून राहिलो. टाकी उन्हाने कोमट होतीच, त्याने काम सोपं झालं. पेट्रोल घाईचं असतं, पाहुण्यासारखं येतं आणि उडतं. तेल मुक्कामाला येतं. गोंदात मुरतं आणि त्याची पत्र्यावरची पकड ढिली करतं, रंगाच्या वाटेला जात नाही. अर्ध्या तासाने चिंधी उचलली आणि अंगठ्याने नुसतं चोळलं, तर गोंदाच्या बारीक वळ्या झाल्या, शेवयांसारख्या. दोनदा तेल, मग भांड्यांचा साबण, मग कोरडं फडकं. बायको बाहेर येऊन बघून गेली. "एवढंच होतं तर नेलपॉलिशची बाटली कशाला परत केलीत," हे तिचं तर्कशास्त्र मला कळलं नाही, पण मी मान डोलावली.

गोंद गेला. आकार राहिला.

गाडी काळी. आठ-नऊ वर्षं उन्हात आणि खाऱ्या हवेत उभी राहून ती काळी कसली, राखाडीच झालेली. स्टिकरखालचा भाग मात्र शोरूममधून आणल्यासारखा काळाभोर. आणि तो भाग बेरजेच्या चिन्हाचा आहे.

गाडी मी जुनी घेतली. ज्यांच्याकडून घेतली ते डॉक्टर होते की डॉक्टरांचे कंपाउंडर, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही, पण टाकीवर लाल प्लस होता. खरं तर पांढऱ्यावरचा तो लाल क्रॉस डॉक्टरांनीसुद्धा लावायचा नसतो. लढाईतल्या जखमींसाठी १८६४ मध्ये ठरलेलं ते चिन्ह, रेडक्रॉस आणि लष्करी वैद्यकीय पथकांपुरतं. आपल्याकडे १९६० पासून तसा कायदाही आहे. पण गावोगावच्या दवाखान्यांच्या पाट्या बघितल्यात तर कायदा कुणाच्या गावीही नाही. मला तर तो सोयीचाच वाटला. नाक्यावर हवालदार हात वर करता करता खाली घ्यायचे. बाजारात गाडी कुठेही लावली तरी कुणी बोलायचं नाही. एका आजींनी गुडघे दाखवले तेव्हा मी "तिळाचं तेल चोळा" असं सांगितलंही. चार महिने मजेत गेले.

गेल्या आठवड्यात दापोलीहून येताना दाभोळच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत उभा होतो. बोट पलीकडे धोपाव्याला होती, निघतच होती. एक म्हातारा धावत आला. धावत म्हणजे धोतर सावरत, जमेल तसा. टाकीकडे बघितलं आणि माझा हात धरला. "डाक्तर, हिच्याकडं बगा जरा, दम लागलाय."

ती तिकीटखिडकीजवळच्या कट्ट्यावर बसली होती. दोन्ही हात कट्ट्यावर रोवून, खांदे वर ओढून श्वास घेत होती. ओठांचा रंग बरोबर नव्हता एवढं मलाही कळलं.

मी म्हटलं, "आजोबा, मी डॉक्टर नाही."

त्याने टाकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "असं कसं," तो म्हणाला. रागाने नाही. मला वेळ नसेल, किंवा पैशांचं काही असेल, असं त्याला वाटलं असावं, कारण त्याने बंडीच्या खिशात हात घातला.

एका रिक्षावाल्याने दोघांना आत घेतलं आणि रिक्षा दापोलीच्या रस्त्याने वळली. पुढचं मला माहीत नाही. बोट आली, मी गाडी बोटीवर चढवली. घरी पोचल्यावर दिवा लावायच्या आधी नखाने तो स्टिकर उचकटला.

पॉलिश मारलं तर बाकीचा रंग उजळून फरक कमी होईल असं गॅरेजवाला म्हणतो. मारून बघेन. सहाला लाइट आली. गाडी मांडवातून काढून पडवीला लावली, ती बाजू भिंतीकडे करून.